साहेबांच्या हातच्या दोन गोळ्या

भैय्यालाल रामटेकेला लोकांनी नावं कमी ठेवली नव्हती. कोणी तापट म्हणे, कोणी हट्टी म्हणे, आणि बायको सरला तर उघड सांगे की या माणसाचा घरच्यांपेक्षा गाडीवर जास्त जीव आहे. ते सगळं त्याने हसून सोडून दिलं. पण कांकेरच्या रस्त्यावर त्याला चारचौघांत दारुडा म्हटलं गेलं, आणि म्हणणारा आपल्याच भाषेत बोलणारा माणूस होता. हा घास त्याला कधी गिळता आला नाही.

भैय्यालालचं घराणं मूळचं गोंदियाकडचं. बाप रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आला आणि इथलाच झाला. आज्याने दीक्षा घेतली तेव्हापासून घरात दारूचा थेंब शिरला नव्हता. भैय्यालाल ड्रायव्हर झाला, म्हणजे ज्या धंद्यात संध्याकाळ झाली की बाटलीची आठवण येते त्या धंद्यात पडला, आणि तरी कोरडा राहिला. बाकीचे ड्रायव्हर बसले की हा चहा घेऊन बसायचा आणि नंतर एकेकाला घरी पोचवायचा. दर रविवारी पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, विहारात वंदना तोच सांगायचा. आवाज खणखणीत होता. मद्य वर्ज्य करणारं पाचवं शील म्हणताना तो जरा थांबून, एकेक शब्द ठेवल्यासारखा म्हणायचा, आणि मागे बसलेल्या दोन-चार जणांच्या माना आपोआप खाली जायच्या.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. भोपाळहून कपाटं आली, खुर्च्या आल्या, साहेब आले. गावभर रस्ते खणले गेले, जुनी झाडं पडली, जिकडे पाहावं तिकडे रेती आणि सिमेंट. उरला औद्योगिक वसाहतीच्या बाजूने कारखान्यांचा धूर यायचा. सकाळी ओट्यावर बोट फिरवलं तर बोट काळं. त्याच वर्षी भैय्यालालच्या शिंका सुरू झाल्या. एक-दोन नाही, दिवाळीची लड लागल्यासारख्या. नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे, टाळू आतून खाजायची. हिवाळा सरून आंब्याला मोहोर आला की आणखी जोर. सरलाने हळद दिली, सुंठ दिली, वाफ दिली. पुरता गुण कशाचाच आला नाही. डॉक्टरकडे जायचं त्याच्या मनात आलं नाही. शिंका काय, कोणालाही येतात.

त्याला साहेब मिळाले ते श्यामकांत हरदास. उपसंचालक. मूळचे नागपूरचे, नोकरी सगळी भोपाळकडे झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मराठीत विचारलं, "रामटेके म्हणजे आपल्याकडचेच ना?" त्या एका वाक्यावर भैय्यालाल खूश झाला. घरी येऊन सरलाला सांगू लागला की यावेळी आपला माणूस भेटला. पांढरी अ‍ॅम्बेसिडर तो अशी पुसायचा की साहेबांनी तिच्यात पाहून भांग पाडावा. शिंकांचा मात्र साहेबांना वैताग. मागून रुमाल नाकाला लावत म्हणायचे, "अरे, काहीतरी औषध घे बाबा. मीटिंगला जायचं असतं मला."

राज्य होऊन दुसरा उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. साहेबांना धमतरीत थोडं काम होतं आणि पुढे कांकेरला दौरा. कांकेरला त्यांच्या बायकोची बहीण राहायची, म्हणून बाईही सोबत निघाल्या. सुनीती हरदास. अबोल बाई. गाडीत बसल्या की खिडकीबाहेर पाहत राहायच्या आणि उतरताना मात्र न चुकता "थकलात का भैय्यालाल?" म्हणून विचारायच्या. रायपूर सोडल्यापासून भैय्यालालच्या शिंका थांबत नव्हत्या. कुरुदला चहाला गाडी उभी केली तेव्हा साहेबांनी बॅगेतून गोळ्यांची पट्टी काढली, दोन बारक्या गोळ्या फोडल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.

भैय्यालालने गोळ्यांकडे पाहिलं. त्याला औषधातलं काही कळत नव्हतं, पण स्टीअरिंगवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती त्याने विचारली. "साहेब, यानं झोप तं नाई ना येत?"

"मी रोज घेतो," साहेब म्हणाले. "काही होत नाही. घे, आणि ते शिंकणं बंद कर एकदाचं."

त्याने चहासोबत दोन्ही गोळ्या घेतल्या. साहेबांच्या हातचं औषध, नाही कसं म्हणणार?

धमतरीला पोचेपर्यंत शिंका थांबल्या. नाक कोरडं झालं, जीभही कोरडी झाली. साहेबांचं काम आटोपलं, जेवणं झाली, गाडी पुन्हा रस्त्याला लागली. भैय्यालालला बरंच वाटत होतं. झोप येतेय असं त्याला एकदाही वाटलं नाही, हे त्याने पुढे शंभरदा सांगितलं. फक्त सगळं जरा लांबून चालल्यासारखं होतं. समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न कापडातून यावा तसा येत होता. चारामा मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, दुपारचं ऊन. त्यानंतरचं त्याला आठवतं ते एकदम पुलाच्या कठड्याचा दगड आणि बाईंची किंकाळी.

गाडी कठड्यावर आदळून आडवी झाली होती. साहेबांचा खांदा मोडला, बाईंचं कपाळ फुटलं, भैय्यालालच्या बरगड्या स्टीअरिंगवर चेपल्या. शेतातले लोक धावत आले. त्यांनी साहेबांना बाहेर काढलं, झाडाखाली बसवलं, आणि काय झालं म्हणून विचारलं. साहेब कळवळत होते. कळवळता कळवळताच म्हणाले, "ड्राइवर पीकर चला रहा था."

भैय्यालाल रस्त्यावर पालथा पडलेला. त्याने ते ऐकलं. त्याला वाटलं, डोक्याला मार लागलाय म्हणून भलतंच ऐकू येतंय. पण लोकांनी ते उचललं. एकाने त्याच्या पाठीत लाथ घातली. रस्त्याकाठच्या लहानशा दवाखान्यात नेलं तिथेही तेच. साहेबांभोवती सगळे गोळा झाले आणि याला व्हरांड्यात टाकलं. तो बरगड्या धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होता, माझं तोंड हुंगा, माझं रक्त घ्या, तपासा. कोणी लक्ष दिलं नाही. साहेबांनी पोलिसांत तक्रार नको म्हणून सांगितलं होतं, उगाच झंझट नको म्हणून. सगळ्यांना ते साहेबांचं मोठं मन वाटलं. तक्रार नाही तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर दारुडा तो कायमचा दारुडा. हे भैय्यालालला त्याच व्हरांड्यात पडल्या पडल्या उमगलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. नोकरीतून निलंबन झालं, चौकशी लागली. पण जास्त लागलं ते रविवारी. विहाराचे सचिव नरहरी वासनिक घरी आले, खाटेच्या काठावर बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले की चौकशीचा निकाल लागेपर्यंत वंदना दुसरं कोणी सांगेल, लोक बोलतात, त्यांचंही तोंड धरता येत नाही. नरहरी वाईट माणूस नव्हता. पण त्याने एकदाही विचारलं नाही की भैय्या, तू पेला होता का. भैय्यालाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सरलाने चहा केला होता, तो नरहरीला न देताच तिने परत आत नेला.

मग पेटली ती वेगळीच आग. साहेबांवरचा राग होताच, पण त्याच्या आत आणखी एक राग होता, स्वतःवरचा. दारू तर पेलो नाही, मग झोपलो कसा? इतक्या वर्षांत कधी डुलकी लागली नाही. बस्तरच्या घाटातून गाड्या काढल्या. सपाट रस्त्यावर, भर दुपारी, मी झोपलो कसा? तो अंगणात येरझारा घालायचा आणि बरगडी दुखली की मुद्दाम जोरात पाय आपटायचा. सरलाशी भांडला, शेजाऱ्याशी भांडला. एकदा ताट भिरकावलं. ताट उंबऱ्यावर आपटलं तेव्हा त्याची पोरगी भावना दारात उभी होती. ती सायन्स कॉलेजात शिकत होती. घरात सगळे मराठी बोलायचे आणि ती हिंदीत उत्तरं द्यायची, तशीच त्या दिवशीही बोलली.

"पापा, उस दिन आपने क्या-क्या खाया था? सब बताओ."

तो चिडूनच सांगू लागला. भात, डाळ, भजी, कुरुदचा चहा. चहापाशी आला आणि थांबला. साहेबांनी दिलेल्या गोळ्या त्याच्या डोक्यातच नव्हत्या. औषध म्हणजे बरं करणारी वस्तू. तिच्यावर कोण संशय घेतो? भावनाने गोळ्यांचं नाव विचारलं. नाव माहीत नव्हतं. बारक्या होत्या, पिवळसर होत्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला समता कॉलनीत नेलं. तिथे डॉक्टर शर्मिष्ठा वैरागडे यांचा दवाखाना होता, नाक-कान-घशाचा. भैय्यालाल जायला तयार नव्हता, शिंकांसाठी दवाखान्यात जाणं त्याला आता विटंबना वाटत होती. डॉक्टरीण बाई वयाने फार नव्हती, पण ऐकून घेणारी होती. त्याचं सगळं बोलणं, शिव्यांसकट, तिने मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाली की गोळी पाहिल्याशिवाय शपथेवर सांगता येणार नाही, पण सर्दी-शिंकांवर दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतात त्या जुन्या जातीच्या गोळ्या, आणि त्यांनी झोप येते. तिने सोपं करून सांगितलं. धूळ नाकात गेली की शरीर घाबरतं आणि हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतं. नाक वाहतं, खाज येते, शिंका येतात, ते त्या हिस्टामिनमुळे. ही औषधं त्याची वाट अडवतात. पण तेच हिस्टामिन मेंदूत वेगळं काम करतं. तिथे ते माणसाला जागं ठेवतं. जुनी गोळी नाकापर्यंत थांबत नाही, मेंदूत शिरते आणि तिथलीही वाट अडवते.

"म्हणून मले झोप लागली," भैय्यालाल म्हणाला.

"झोप लागायच्या आधीच माणूस मंदावतो," ती म्हणाली. "आणि वाईट हे, की त्याला स्वतःला ते कळत नाही. आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं. दोन गोळ्या घेऊन गाडी चालवणारा आणि दारू पिऊन चालवणारा, रस्त्यावर दोघांत फारसा फरक उरत नाही."

हे वाक्य तिने समजावण्यासाठी म्हटलं, पण भैय्यालालच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ज्या अवस्थेपासून तो जन्मभर दूर राहिला, त्या अवस्थेत त्याला त्याच्या नकळत ढकललं होतं, आणि ढकलणाऱ्यानेच वर बोट दाखवलं होतं. तो उठून उभाच राहिला. डॉक्टरणीने त्याला बसवलं. तिने सांगितलं की आता नव्या जातीच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून झोप येत नाही किंवा अगदी थोडी येते. त्यातही सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते. ड्रायव्हरला ती नको. तिने फेक्सोफेनाडिन लिहून दिली. साध्या पाण्यासोबत घ्यायची, फळांच्या रसासोबत नाही, नाहीतर अंगी लागत नाही. आणि पहिल्यांदा घ्याल तेव्हा गाडीला हात लावू नका, म्हणाली. प्रत्येकाचं शरीर वेगळं, आधी आपल्याला कशी मानवते ते पाहा. झोप न आणणारी म्हणजे डोळे मिटून कोणाच्याही हातून घ्यावी अशी नाही. शेवटचं वाक्य ऐकून भैय्यालाल कडू हसला.

तिथून तो घरी गेला नाही. भावनाला रिक्षात बसवून दिलं आणि पायी शंकर नगरला निघाला. डोकं एवढं तापलं होतं की उन्हाची झळ त्याला लागलीच नाही.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात हात गळ्यात बांधून बसले होते. त्याला फाटकात पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. भैय्यालालने चप्पल काढली, पायरीखाली उभा राहिला, आणि शांतपणेच विचारलं की साहेब, कुरुदला ज्या गोळ्या दिल्या होत्या त्यांचं नाव काय.

"कोणत्या गोळ्या?"

असं काही होईल हे भैय्यालालला वाटलं नव्हतं. त्याला वाटलं होतं साहेब म्हणतील, माझ्या लक्षात आलं नाही. किंवा म्हणतील, तू घ्यायला नको होत्या. भांडायला काही जागा तरी राहिली असती. पण साहेबांनी गोळ्याच पुसून टाकल्या. आतल्या दारात सुनीतीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कपाळाच्या टाक्यांची खूण ताजी होती.

भैय्यालालचा आवाज चढला. "साहेब, गाडी म्या ठोकली, मी नाई म्हणत नाई. माझ्या हातून ठोकली. पन मी तुमाले विचारलं होतं, झोप तं नाई येत. तुमी म्हणले नाई येत. तुमचा शब्द म्हणून घेतली. अन् तुमी मले लोकायच्या समोर दारुडा केलं. काहून? आपला माणूस म्हणत होते ना तुमी मले?"

साहेब म्हणाले की तू आता जा, तुझी मनःस्थिती ठीक नाही, आणि चौकशीत काय ते सांग. भैय्यालालने दाराकडे पाहिलं. "मॅडम, तुमी मागं बसल्या होत्या. तुमी पाहिलं."

सुनीतीबाई उंबऱ्याशीच थांबल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या आत निघून गेल्या. भैय्यालाल फाटकाबाहेर आला. साहेबांवरचा राग त्याला समजत होता, खोटं बोलणाऱ्यावर येतो तसा. पण बाई मूग गिळून बसल्या, ते त्याच्या उरात जास्त रुतलं. रोज थकलात का विचारायच्या, आणि ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी पाठ फिरवली. त्याने फाटकाला लाथ मारली. दुखलेली बरगडी पुन्हा ठणकली.

चौकशी साहेबांच्याच ऑफिसात होती. चौकशी करणारे एक वयस्क अधिकारी दुसऱ्या खात्यातून आले होते. भैय्यालालने सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, साक्षीदार कोण? त्याने बाईंचं नाव घेतलं. ते म्हणाले, घरच्या बायकांना अशा कामात ओढण्याची गरज वाटत नाही. म्हणजे साहेबांच्या शब्दाला साक्षीदार लागत नव्हता आणि भैय्यालालच्या शब्दाला साक्षीदार मिळत नव्हता. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

ही गोष्ट ड्रायव्हरांच्या कानावर गेली. त्यांच्यात सगळ्यात जुना शामराव. पिणारा होता, लपवत नव्हता, आणि भैय्यालालने त्याला कितीदा तरी धरून घरी पोचवलं होतं. तो म्हणाला, या ऑफिसात दारू कोण पेते हे मले चांगलं ठाऊक आहे, अन् कोण नाई पेत तेही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब लोक बाहेर पडायच्या वेळेला त्याने सगळ्या गाड्यांच्या चाव्या आपल्या गमछ्यात बांधल्या आणि ते गाठोडं चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाईंना विचारल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही, म्हणाला. इतर ड्रायव्हर बाहेर उकिडवे बसले. साहेब लोक पोर्चमध्ये ताटकळत राहिले. धमक्या झाल्या, समजावणी झाली. कोणी उठलं नाही. दुपारी निरोप आला की मॅडमना बोलावलं आहे.

सुनीतीबाई आल्या तेव्हा भैय्यालाल कोपऱ्यात उभा होता, शेजारी शामराव. त्याला काही आशा नव्हती. त्या खुर्चीवर बसल्या, नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अधिकाऱ्याने अदबीने विचारलं की त्या दिवशी ड्रायव्हरने मद्य घेतलं होतं असं आपल्याला वाटतं का.

"नाही," त्या म्हणाल्या. "यांनी त्याला दोन गोळ्या दिल्या. माझ्या समोर. त्याने विचारलं होतं झोप येते का म्हणून."

"कोणत्या गोळ्या, काही सांगता येईल?"

"माझ्याच होत्या. सर्दीच्या, पण मला झोप लागत नाही, म्हणून हेच आणून देतात. रात्री एक घेतली की सकाळपर्यंत मी उठत नाही." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "हे स्वतः ती कधीच घेत नाहीत."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. भैय्यालालला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की त्याला हलकं वाटेल. झालं उलटं. 'मी रोज घेतो' हेसुद्धा खोटंच होतं. साहेबांना पक्कं माहीत होतं गोळी काय करते. फक्त शिंका ऐकू यायला नको होत्या म्हणून त्यांनी ती दिली, आणि गाडी चालवणारा माणूस आहे की गाडीचाच एखादा भाग आहे, एवढाही विचार केला नाही. भैय्यालाल साहेबांकडे सरसावला तसा शामरावने त्याचा दंड धरला आणि सोडला नाही.

दारूचा आरोप निघाला. भैय्यालाल कामावर परत आला. पण औषधाच्या अंमलाखाली गाडी चालवली म्हणून निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर राहिलाच. हरदास साहेबांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांची बदली झाली, तीही बढतीवर. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी निरोपाच्या हारासाठी वर्गणी काढायला शिपाई ड्रायव्हरांकडे आला. शामरावने त्याला एवढ्या जोरात हाकललं की पोर्चमधली कबुतरं उडाली.

नवी गोळी भैय्यालालने सुट्टीच्या दिवशी घेतली. सरला त्याच्यासमोर तांदूळ निवडत बसली आणि दर थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. झोप आली नाही. संध्याकाळपर्यंत शिंकाही आल्या नाहीत. असली गोळी या जगात होती, त्याच पट्टीच्या शेजारी दुकानात मिळत होती, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, यावरून तो पुन्हा चिडला. सरला म्हणाली, अवं, बरं झालं तरी चिडता. तो म्हणाला, बरं झालं म्हणूनच चिडतो.

बुद्ध पौर्णिमेला नरहरी बोलवायला आला. भैय्यालाल गेला. वंदनेच्या आधी तो उभा राहिला आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "ज्यायनं मले दारुडा म्हटलं त्यायची माफी मले नाई पाहिजे. पन तुमच्यातल्या एकानं तरी मले विचाराचं होतं. साहेबानं सांगतलं ते खरं, अन् रामटेके काय म्हणते ते ऐकाचंच नाई, हे तुमी कुठं शिकले? त्या साहेबासारखेच निघाले तुमी." नरहरीची मान खाली गेली. मग भैय्यालालने वंदना सांगितली. आवाज खणखणीत होता, पण त्यात पूर्वीचा सुखाचा सूर नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी सुनीतीबाई पाऱ्यात आल्या. गाडी नव्हती. सायकल रिक्षाने आल्या, विचारत विचारत. नवरा नव्या जागी गेला होता आणि त्या रायपूरला मागे राहिल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही, सरलाने विचारलं नाही. भैय्यालाल आतल्या खोलीत होता. सरलाने हाक मारली, तो बाहेर आला नाही. बाई ओट्यावर बसल्या. त्या म्हणाल्या, त्या दिवशी दारात मी गप्प राहिले, ते सांगायला आले. झाडाखाली ते दुखण्याच्या भरात बोलून गेले आणि मग बोललेलं मागे घेता आलं नाही त्यांना. मला ते सगळं दिसत होतं, आणि मी गप्प राहिले. गोळी घेऊन झोपणं सोपं असतं, म्हणाल्या. आता घेत नाही. सरलाने चहा दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

आत भैय्यालाल पडद्यामागे उभा होता. बाहेर जावं, असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा पुलाच्या कठड्याजवळ पाठीत बसलेली लाथ आठवली आणि पाय उचलला नाही. या बाईने सगळ्यांसमोर खरं सांगितलं, त्याची किंमत तिने मोजली, हे त्याला कळत होतं. तरी राग जात नव्हता. तो बाईंवरचा होता की साहेबांवरचा, की साहेबांच्या हातचं औषध बिनबोभाट गिळणाऱ्या भैय्यालालवरचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

बाई उठल्या तेव्हा त्याने भावनाला खुणेने जवळ बोलावलं.

"ऊन लय आहे," तो हळूच म्हणाला. "त्यायले रिक्षापर्यंत सोडून ये. छत्री घेऊन जा."